निळाईचें कारण

आमच्या वाङ्मयांत निळ्या रंगाचें भाग्य मोठें आहे. कृष्ण मेघासारखा निळा, शंकराचा कंठ निळा, मोराची मान निळी. कवींनीं या रंगावर जितकें प्रेम केलें तितकें दुसऱ्या एखाद्या रंगावर क्वचितच केलें असेल. परंतु हाच रंग तान्ह्या मुलाच्या ओठांवर उमटला म्हणजे त्याचें सारें काव्य क्षणांत नाहींसें होतें. दूध पितां पितां ज्याला धाप लागते, रडूं लागलें कीं ज्याचे ओठ, जीभ आणि नखांची मुळें जांभळीं पडतात, अशा मुलाच्या आईस त्या रंगाचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागत नाहीं. रक्तांत प्राणवायु कमी पडत आहे, एवढें तो रंग सांगतो. तो कां कमी पडत आहे, हें मात्र तो सांगत नाहीं. वैद्यास हा 'कां' कळला तरच उपायाची वाट दिसते, आणि तो न कळल्यामुळें पिढ्यान् पिढ्या असलीं मुलें वैद्यांच्या डोळ्यांदेखत गेलीं.

या 'कां'चा शोध शरीरांतील छायाचित्रांच्या साह्यानें कसा लागला, याची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों. ती सांगतांना एक प्रश्न आम्हांस प्रथमपासूनच वाचकांपुढें ठेवावासा वाटतो. निळ्या मुलांच्या हृदयांतील प्रमुख व्यंगाचें नेटकें वर्णन १८८८ सालीं झालेलें होतें. जिवंत देहाच्या आंत पाहूं देणारा क्ष-किरण १८९५ सालीं सांपडला. तरीहि या मुलांवर पहिली उपयुक्त शस्त्रक्रिया व्हावयास १९४४ साल उजाडावें लागलें. ज्ञान होतें, साधन होतें. मग मधलीं सुमारें पन्नास वर्षें कोठें गेलीं? आमच्या मतें या प्रश्नाच्या उत्तरांतच या इतिहासाचें खरें मर्म आहे.

प्रथम निळाईचा अर्थ पाहूं. रक्तांतील तांबड्या कणांत हीमोग्लोबिन नांवाचें द्रव्य असतें. तें प्राणवायूनें भरलेलें असलें म्हणजे लालभडक दिसतें, रिकामें झालें म्हणजे काळसर होतें. लुंड्सगार्ड या संशोधकानें १९१९ च्या सुमारास असें दाखवून दिलें कीं, केशवाहिन्यांतील १०० घनसेंटिमीटर रक्तांत असलें रिकामें हीमोग्लोबिन सुमारें ५ ग्रॅम झालें म्हणजे कातडी निळी दिसूं लागते. या हिशेबांतून एक विचित्र गोष्ट निघते. ज्याच्या अंगांत मुळांतच रक्त थोडें, त्याला प्राणवायूची पुष्कळ तूट असूनहि तो निळा दिसणार नाहीं. आणि ज्याचें रक्त फार दाट, तो थोड्या तुटीनेंहि निळा दिसेल. त्यांतून सांवळ्या कातडीवर हा रंग लपतो, म्हणून जाणता वैद्य जीभ आणि ओठांची आंतली बाजू पाहतो. सारांश, निळाई हा साक्षीदार खरा, पण अर्धवट बोलणारा. त्याच १९१९ सालीं न्यूयॉर्क येथें स्टेडी नांवाच्या वैद्यानें न्यूमोनियाच्या रोग्यांच्या धमनींतील रक्त सुईनें काढून त्यांतील प्राणवायु मोजला आणि निळाईचा संबंध या तुटीशींच आहे हें आंकड्यांनीं सिद्ध केलें. तूट मोजतां येऊं लागली. कारण मात्र अंधारांतच राहिलें.

कारणें अनेक असूं शकतात, हें एका दाखल्यानें सहज समजेल. शरीर हें एक शहर मानावें, फुप्फुस ही त्या शहराची विहीर, आणि रक्त म्हणजे पखाली वाहणाऱ्या भिस्त्यांची न संपणारी रांग. शहरांत पाण्याची ओरड झाली तर दोष कोठें शोधावा? कदाचित् विहिरींतच पाणी आटलें असेल. म्हणजे वारा फुप्फुसांत पुरेसा पोहोंचत नसेल. कदाचित् विहिरीच्या पायऱ्या गाळानें भरल्या असतील. म्हणजे फुप्फुसाच्या पातळ भिंती रोगानें जाड झाल्या असतील. कदाचित् विहिरीकडे जाणारा रस्ताच इतका अरुंद असेल कीं फार थोडे भिस्ती तेथवर पोहोंचावे. आणि कदाचित् कांहीं भिस्ती मधल्याच बोळांतून परत फिरून रिकाम्या पखाली घेऊन शहरांत शिरत असतील. चारहि वेळां शहरांतली ओरड एकच. पण पहिल्या दोषावर जो उपाय तो चवथ्यावर चालावयाचा नाहीं. विहिरीवर जाऊन डोळ्यांनीं पाहिल्यावांचून न्याय होणें अशक्य.

एकोणिसाव्या शतकांत हें पाहणें मृत्यूनंतरच घडे. हृदयाच्या उजव्या भागानें शरीरांतून आलेलें काळें रक्त फुप्फुसांकडे ढकलावें आणि डाव्या भागानें तेथून लाल होऊन आलेलें रक्त महाधमनीवाटें सर्व शरीरास पुरवावें, ही निसर्गाची व्यवस्था. फ्रान्समधील मार्सेय येथील आर्तूर फालो या वैद्यानें १८८८ सालीं 'निळ्या रोगा'नें मेलेल्यांच्या हृदयांची तपासणी करून असें दाखविलें कीं, या रोगांत बहुधा चार व्यंगें एकत्र नांदतात: फुप्फुसांकडे जाणाऱ्या धमनीचें तोंड अरुंद असतें, दोन जवनिकांमधील पडद्यास भोंक असतें, महाधमनी त्या भोंकावर सरकून दोन्हीं बाजूंचें रक्त घेते, आणि उजव्या जवनिकेची भिंत श्रमानें जाड होते. फालोच्या पूर्वीं दोन कर्णिकांमधील जन्मपूर्व छिद्र उघडें राहिल्यानें निळाई येते अशी समजूत प्रचलित होती. तिचें त्यानें खंडण केलें. पुढें कॅनडांतील माँट्रिअल येथें मॉड ॲबट या विदुषीनें मॅक्‌गिल विद्यापीठाच्या संग्रहालयांतील कांचेच्या बरण्यांपासून आरंभ करून जन्मजात हृद्रोगांच्या एक हजार उदाहरणांचें वर्गीकरण केलें आणि १९३६ सालीं त्याचा सचित्र कोश प्रसिद्ध केला. हें काम अमोल होतें. परंतु बरणींतल्या हृदयाचें निदान कितीहि अचूक झालें तरी तें हृदय ज्याचें होतें त्यास त्याचा उपयोग नव्हता.

राँटजेन यानें ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं वुर्झबुर्ग येथें क्ष-किरणांचा शोध लावला आणि थोड्याच महिन्यांत त्याची कीर्ति जगभर पसरली. मोडलेलें हाड, गिळलेलें नाणें, देहांत रुतलेली गोळी हीं लोकांस प्रत्यक्ष दिसूं लागलीं. हृदयाचीहि छाया दिसली. किरणांनीं चमकणाऱ्या पडद्यावर, म्हणजे फ्लुओरोस्कोपवर, ती धडधडतांनाहि दिसली. परंतु हाडाच्या छायेंत आणि हृदयाच्या छायेंत एक मोठा भेद आहे. हाड मोडलें कीं नाहीं याचें उत्तर छाया स्वतःच देते. हृदयाच्या छायेंत मात्र आंतील पडदा दिसत नाहीं, भोंक दिसत नाहीं, झडप दिसत नाहीं. रक्तानें भरलेली ती सारी पिशवी एकसारखीच दिसते. बाह्यरेषेवरून आंतील रचनेचा तर्क करावयाचा, आणि तो तर्क करण्याचा कंटाळा न येण्यास कांहीं आशा असावी लागते. जन्मजात हृद्रोगावर इलाज नाहीं अशीच वैद्यकाची दृढ श्रद्धा असल्यामुळें त्याचे प्रकार जिवंतपणीं ओळखण्याची खटपट बहुतेकांस व्यर्थ वाटे. ज्याला उपाय नाहीं त्याचें सूक्ष्म निदान तरी कशाला, हा विचार वरवर व्यवहारी दिसतो. पण निदान नाहीं म्हणून उपाय सुचत नाहीं आणि उपाय नाहीं म्हणून निदान कोणी करीत नाहीं, असें हें चक्र पन्नास वर्षें फिरत राहिलें.

हें चक्र ज्या व्यक्तीनें थांबविलें ती व्यक्ति वैद्यकाच्या दारांत मोठ्या कष्टानें शिरली होती. हेलन टॉसिग हिचा जन्म १८९८ सालीं अमेरिकेंतील केंब्रिज गांवीं झाला. वडील हार्वर्ड विद्यापीठांत अर्थशास्त्राचे नामांकित अध्यापक. आई मात्र मुलगी अकरा वर्षांची असतां क्षयानें वारली. लहानपणीं तिला अक्षरें वाचण्याचीच अडचण असे. हार्वर्डची वैद्यकीय शाळा त्या काळीं स्त्रियांस पदवी देत नसे, म्हणून ती बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत गेली आणि १९२७ सालीं डॉक्टर झाली. १९३० सालीं तेथील बालरोगांचे मुख्य एडवर्ड्स पार्क यांनीं हॅरिएट लेन होम या मुलांच्या रुग्णालयांतील हृद्रोगविभाग तिच्या स्वाधीन केला, आणि तिनें फ्लुओरोस्कोपचा उपयोग शिकावा व जन्मजात व्यंगांचा अभ्यास करावा असा आग्रह धरला. याच सुमारास तिची श्रवणशक्ति कमी होत चालली होती. हृदयाचा वैद्य म्हणजे कानाचा धनी अशी ज्या काळची समजूत, त्या काळीं या बाईचे कान तिला सोडून जात होते. तिनें आवाज वाढविणारी नळी वापरली, मुलांच्या छातीवर हात ठेवून बोटांनीं ठोके व कंप ओळखण्याची संवय केली, आणि डोळ्यांवर अधिकाधिक भिस्त ठेविली.

त्या पडद्यासमोरचें काम आज कल्पनेनेंच पाहावें लागतें. पडद्यावरचा उजेड इतका मंद असे कीं तो दिसावा म्हणून डॉक्टर आधीं बराच वेळ तांबड्या कांचांचा चष्मा घालून डोळे अंधारास तयार करीत. मग काळोख्या खोलींत मुलाला किरणांपुढें उभें धरावयाचें. समोरून पाहावयाचें, डावीकडे तिरपें वळवून पाहावयाचें, उजवीकडे तिरपें वळवून पाहावयाचें. आणि तें सारें थोडक्या वेळांत उरकावयाचें, कारण हे किरण देहास अपायकारक आहेत हेंहि तोंवर कळून चुकलें होतें. टॉसिगबाईंनीं हीच तपासणी एकामागून एक शेंकडों मुलांवर केली. एकाच जातीच्या व्यंगाचीं मुलें पडद्यावर पुनःपुन्हां एकसारखींच दिसतात, हें त्यांच्या ध्यानीं आलें. आणि जीं मुलें दगावलीं त्यांच्या शवविच्छेदनाशीं पडद्यावरील टिपणें ताडून पाहिल्यावर छायेची लिपि हळूहळू वाचतां येऊं लागली.

आतां या लिपींतील मुख्य अक्षर पाहूं. सर्व इतिहासाचा कणा तेंच आहे. दोन मुलें सारखींच निळीं आहेत अशी कल्पना करा. पहिल्याच्या हृदयाची छाया बुटासारखी, टोंक वर उचललेलें, आणि जेथें फुप्फुस-धमनीचा फुगवटा असावयाचा तेथें खळगा; दोन्हीं बाजूंचीं फुप्फुसें मात्र नेहमींपेक्षां स्वच्छ, त्यांत रक्तवाहिन्यांच्या रेषा विरळ, त्यांचें स्पंदन जवळजवळ नाहींसें. दुसऱ्याच्या हृदयाची छाया अंड्यासारखी, वरचा देंठ अरुंद. पण फुप्फुसें रक्तवाहिन्यांच्या दाट जाळ्यानें भरलेलीं. पहिलें मूल फालोच्या व्यंगाचें. त्याच्या फुप्फुसांस रक्तच थोडें जातें. विहिरीचा रस्ता अरुंद. दुसऱ्याच्या दोन्हीं मोठ्या धमन्या जन्मतःच अदलाबदल होऊन बसल्या आहेत; फुप्फुसांत रक्त पुष्कळ जातें, पण तेथून लाल झालेलें रक्त पुन्हां फुप्फुसांतच फिरतें आणि शरीरास काळेंच मिळतें. ओठांचा रंग दोघांचा एक, रक्तांतील प्राणवायूचा आंकडाहि कदाचित् एकच. पण कारणें परस्परांच्या उलट. पहिल्याच्या फुप्फुसांत अधिक रक्त पोहोंचविलें तर तें वांचेल. दुसऱ्यास त्या उपायानें लाभ नाहीं. हा भेद रंग सांगूं शकत नाहीं, आंकडा सांगूं शकत नाहीं. तो फुप्फुसांच्या छायेनें सांगितला.

येथें आमच्या आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर सांपडतें. हृद्रोग म्हटला कीं पाहणाऱ्याची दृष्टि स्वाभाविकपणें हृदयाच्या आकाराकडे जाते. टॉसिगबाईंनीं छायेस वेगळाच प्रश्न विचारला: या मुलाच्या फुप्फुसांत रक्त किती जात आहे? हा प्रश्न सुचल्याबरोबर हृदयाच्या दोन्हीं बाजूंचा जो भाग आतांपर्यंत केवळ पार्श्वभूमि होता, तोच साक्षीदार झाला. या मुलांचें हृदय थकून तीं मरतात असें नव्हे, तर प्राणवायूच्या उपासमारीनें मरतात, हा निष्कर्ष त्यांनीं काढला. त्यास आणखी एका निरीक्षणाची जोड मिळाली. गर्भांतील बालक श्वास घेत नसतें, म्हणून फुप्फुस-धमनी आणि महाधमनी यांस जोडणारी एक आडवाट निसर्गानें ठेविलेली असते. जन्मानंतर थोड्याच दिवसांत ती मिटते. कांहीं निळीं बालकें ही वाट उघडी आहे तोंवर बरीं असत आणि ती मिटतांच खालावत. याचा अर्थ उघड होता: त्या आडवाटेनें फुप्फुसांस रक्त मिळत होतें. निसर्गानें बंद केलेली वाट माणसास पुन्हां उघडतां येणार नाहीं काय?

बोस्टन येथील रॉबर्ट ग्रॉस या शस्त्रवैद्यानें १९३८ सालीं अशी उघडी राहिलेली आडवाट बांधून बंद करण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली होती. जो बंद करूं शकतो तो नवी वाट पाडूंहि शकेल, या आशेनें टॉसिगबाई त्यांच्याकडे गेल्या. पण त्यांनीं त्यांत रस घेतला नाहीं. १९४१ सालीं आल्फ्रेड ब्लेलॉक हे जॉन्स हॉपकिन्स येथें शस्त्रवैद्यकाचे मुख्य म्हणून आले. त्यांच्याबरोबर व्हिव्हियन टॉमस नांवाचा त्यांचा प्रयोगशाळेंतील साहाय्यक आला. हा कृष्णवर्णी तरुण मूळचा सुतारकाम करणारा. महाविद्यालयासाठीं सांठविलेले पैसे मंदींत बँक बुडाल्यामुळें गेले, आणि १९३० सालीं तो ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेंत आला. काम संशोधकाचें, पण कागदोपत्रीं हुद्दा आणि पगार झाडूवाल्याचा. नळकाम करणारा कारागीर नळ्यांची जोडणी बदलतो त्याप्रमाणें या मुलांच्या रक्ताची वाट बदलतां येईल काय, अशा आशयाचा प्रश्न टॉसिगबाईंनीं या दोघांपुढें ठेवला. पुढील प्रयोगांचा बहुतेक भार टॉमसनें उचलला. सुमारें २०० कुत्र्यांवर त्यानें आधीं ही निळाई निर्माण केली आणि मग हाताकडे जाणारी धमनी फुप्फुस-धमनीस जोडून ती घालविण्याची रीति पक्की केली. त्यासाठीं लागणारीं बारीक हत्यारेंहि त्यानेंच घडविलीं किंवा सुधारलीं.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजीं पंधरा महिन्यांच्या, जेमतेम चार किलो वजनाच्या एका मुलीवर ही शस्त्रक्रिया झाली. ब्लेलॉक टांके घालीत होते. त्यांच्या खांद्यामागें एका चौरंगावर टॉमस उभा राहून प्रत्येक टांक्याची दिशा सांगत होता. टॉसिगबाई मुलीच्या उशाशीं होत्या. मुलगी त्या वेळीं वांचली. पुढें कांहीं महिन्यांनीं मात्र तिचा अंत झाला. १९४५ च्या फेब्रुवारींत तिसरी शस्त्रक्रिया सहा वर्षांच्या एका मुलावर झाली, आणि धमनीवरचे चिमटे काढतांच त्याच्या ओठांची निळाई जाऊन ते टेबलावरच गुलाबी झाले. या तीन शस्त्रक्रियांचा वृत्तान्त मे १९४५ मध्यें प्रसिद्ध झाला, आणि देशोदेशींचे आईबाप आपलीं निळीं मुलें घेऊन बाल्टिमोरची वाट धरूं लागले.

त्या गर्दींत छायेचें महत्त्व आणखी वाढलें. आलेलें प्रत्येक निळें मूल शस्त्रक्रियेनें सुधारणारें नव्हतें. कोणाच्या फुप्फुसांस रक्त कमी, कोणाच्या अधिक. आणि ही निवड चुकली तर आशेनें आलेल्या आईच्या पदरांत पडावयाचें तें प्रेतच. पडद्यापुढें मुलास बेरियम घातलेलें पेय पाजून अन्ननलिकेवर महाधमनीचा दाब कोणत्या बाजूस पडतो हेंहि पाहिलें जाई. कारण फालोच्या व्यंगांत पुष्कळ मुलांची महाधमनी डावीऐवजीं उजवीकडून वळते, आणि छाती कोणत्या बाजूनें उघडावयाची हें त्यावर ठरतें. शस्त्रवैद्याचा चाकू कोठें चालावा आणि कोठें मुळींच चालूं नये, हें ठरविण्याचा मान त्या अंधाऱ्या खोलीचा होता. टॉसिगबाईंनीं आपलें सारें निरीक्षण १९४७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें.

श्रेयाच्या वांटणींत इतिहास नेहमींच न्यायी नसतो. चाकू दिसतो, म्हणून त्याचा जयघोष होतो. मागें उभ्या असलेल्या माणसाचा हात आणि अंधारांत बसलेल्या माणसाचा डोळा दिसत नाहीं. १९४५ च्या लेखावर ब्लेलॉक व टॉसिग हीं दोनच नांवें होतीं. टॉमसचें नांव नव्हतें. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठानें त्यास सन्मान्य पदवी दिली ती १९७६ सालीं. या शस्त्रक्रियेच्या नांवांत टॉमसचेंहि नांव आतां पुष्कळ ठिकाणीं जोडतात, हें योग्यच होय.

याच काळांत छायेस अधिक बोलकी करण्याचे प्रयत्न इतरत्र चालले होते. जर्मनींतील एबर्सवाल्ड येथें वेर्नर फोर्समान या पंचविशींतल्या डॉक्टरानें १९२९ सालीं, वरिष्ठांचा विरोध असतां, स्वतःच्या हाताच्या शिरेंतून ६५ सेंटिमीटर लांबीची बारीक नळी हृदयापर्यंत सारली आणि तशाच स्थितींत चालत जाऊन क्ष-किरणांचें छायाचित्र काढविलें. १९३७ सालीं क्यूबांतील हवाना येथें आगुस्तिन कास्तेयानोस यांनीं मुलांच्या शिरेंत किरण अडविणारें औषध घालून हृदयाचे आंतील कप्पे दृश्य केले. न्यूयॉर्क येथें कूर्नां व रिचर्ड्स यांनीं १९४१ पासून फोर्समानची नळी रोग्यांवर नियमितपणें वापरण्याची रीति बसविली, आणि लवकरच हॉपकिन्समध्यें रिचर्ड बिंग यांनीं ती जन्मजात हृद्रोगांस लाविली. पडद्यावर नळीचें टोंक पाहत प्रत्येक कप्प्यांतील रक्ताचा नमुना घ्यावा आणि त्यांतील प्राणवायु मोजावा, म्हणजे लाल व काळें रक्त कोठें मिसळतें हें नेमकें कळतें. चित्र आणि आंकडा यांचा हा विवाह होता. त्यावांचून १९५४ सालीं मिनेसोटा येथें लिलेहाय यांनीं फालोचें व्यंग हृदय उघडून मुळांतच दुरुस्त केलें, तें घडणें कठीण होतें. फोर्समान, कूर्नां व रिचर्ड्स यांस १९५६ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

पुढील साधनें निराळीं, पण प्रश्नाची जात तीच. १९५३ सालीं स्वीडनमधील लुंड येथें एडलर व हर्ट्झ यांनीं धातूंतील भेगा तपासण्याचें ध्वनिलहरींचें यंत्र हृदयाकडे वळविलें. त्यांतून आजची इकोची तपासणी निघाली. तिच्यांत एक फार सुंदर युक्ति आहे. मीठपाणी घुसळून त्यांतील बारीक बुडबुडे हाताच्या शिरेंत सोडतात. निरोगी माणसांत ते फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत अडकून विरतात आणि हृदयाच्या डाव्या बाजूस दिसतच नाहींत. दोन-तीन ठोक्यांतच ते डावीकडे आले तर हृदयाच्या पडद्यास भोंक आहे. चार-पांच ठोके उलटल्यावर आले तर आडबोळ फुप्फुसांतच आहे. भिस्ती विहीर टाळून कोणत्या बोळानें परतला, हें जणूं त्याच्यामागें माणूस पाठवून काढलेलें! १९६४ सालीं हॉपकिन्समध्येंच वॅग्नर व त्यांचे सहकारी यांनीं किरणोत्सर्गी कण शिरेंतून सोडून फुप्फुसाच्या कोणत्या भागांत रक्त पोहोंचत नाहीं याचें चित्र काढलें. त्यामुळें धमनींत अडकलेल्या गुठळ्या जिवंतपणीं ओळखूं येऊं लागल्या.

१९७१ सालीं हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें लंडन येथें पहिल्या रोग्याच्या मस्तकाचें सीटी चित्र निघालें, आणि पुढें ही रीति छातीसहि लागूं झाली. इटलींतील मिलान येथें गात्तिनोनी यांनीं १९८० नंतरच्या दशकांत श्वासरोधानें अत्यवस्थ झालेल्या रोग्यांचीं अशीं चित्रें काढलीं. साध्या छायाचित्रांत सारें फुप्फुस सारखेंच पांढरें दिसे. सीटींत मात्र उताण्या रोग्याचा पाठीकडचा भाग मिटलेला आणि वरचा थोडा भाग उघडा, असें दिसलें. जें फुप्फुस ताठ झालेलें वाटत होतें तें वस्तुतः लहान उरलेलें होतें. रोग्यास पालथें निजविल्यास प्राणवायु कां वाढतो याचा उलगडा या निरीक्षणांतून होऊं लागला, आणि असें निजविल्यानें अतिगंभीर रोग्यांतील मृत्यु कमी होतात हें २०१३ सालीं मोठ्या प्रयोगानें सिद्ध झालें.

हें सारें आमच्या घरांपासून दूर आहे असें कोणी समजूं नये. २०२० सालच्या महासाथींत बोटास लावावयाचें तें चिमुकलें यंत्र, ज्याचें मूळ तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनीं १९७४ सालीं मांडलें, आमच्या घराघरांत येऊन पोहोंचलें. ९८, ९५, ९० हे आंकडे कुटुंबांतील वडीलधारी माणसेंहि जपमाळेसारखे मोजूं लागलीं. आंकडा खालीं गेला कीं छातीचे सीटी काढण्याची धांदल उडे. त्या धांदलींत एक भेद पुष्कळदां विसरला गेला. यंत्राचा आंकडा हा जुन्या निळाईचाच सुशिक्षित वारस आहे. तो निळाई डोळ्यांस दिसण्याच्या पूर्वींच तूट सांगतो, आणि म्हणून त्याचे उपकार मोठे आहेत. परंतु कारण सांगणें त्याच्या अधिकारांत नाहीं. उलट नुसतें चित्रहि कारण सांगत नाहीं. अमुक चित्र कशासाठीं काढावयाचें हें ज्याला माहीत नाहीं, त्याच्या हातीं तें काळ्यापांढऱ्या डागांचें पान होय. अनावश्यक चित्रांच्या राशीनें निदान पक्कें होत नाहीं. देहास किरणांचा आणि घरास खर्चाचा भार मात्र होतो.

आज पुष्कळ ठिकाणीं नवजात बालकाच्या हातास व पायास तेंच यंत्र लावून पाहतात, आणि आंकडा कमी आढळल्यास लागलीच हृदयाचें ध्वनिचित्र काढतात. फालोचें व्यंग असलेलीं बहुतेक मुलें वेळेवर उपचार मिळाल्यास मोठीं होतात, शिकतात, संसार करितात. ज्या आईचें असें मूल आज शाळेंत जात असेल तिला बाल्टिमोरची ती काळोखी खोली माहीत असण्याचें कारण नाहीं. परंतु तिच्या मुलाच्या ओठांवरची लाली जितकी शस्त्रवैद्याच्या हाताची देणगी आहे, तितकीच ती एका बहिऱ्या होत चाललेल्या बाईनें फुप्फुसांच्या छायेस विचारलेल्या एका सरळ प्रश्नाचीहि आहे.